सावली वाचणारा शास्त्रज्ञ

छातीचा एक्स-रे काढून आलेला रुग्ण घरी सांगतो, फोटो काढला. शब्द चुकीचा नाही. एक्स-रे हा सावल्यांचाच फोटो असतो. यंत्र तो क्षणार्धात काढते, खरे काम त्यानंतर सुरू होते. फुप्फुसातला पुसट डाग म्हणजे बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाची खूण की नवी गाठ, हे एकाच फोटोवरून नेहमी ठरत नाही. जुना फोटो शोधून शेजारी धरावा लागतो, दुसऱ्या बाजूने फोटो घ्यावा लागतो आणि तरीही शंका उरली तर त्या जागेचा तुकडा काढून तपासावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात एका तरुण भौतिकशास्त्रज्ञाने जर्मनीचे रडार जवळपास याच क्रमाने शोधून काढले. त्याच्यापुढचे फोटो माणसाच्या छातीचे नव्हते, विमानातून टिपलेल्या फ्रान्सच्या किनाऱ्याचे होते. त्या शास्त्रज्ञाचे नाव रेजिनाल्ड व्हिक्टर जोन्स.

आर. व्ही. जोन्स यांचा जन्म २८ सप्टेंबर १९११ रोजी दक्षिण लंडनमधील हर्न हिल येथे झाला. वडील ब्रिटिश सैन्यात सार्जंट होते. डलिच भागातील ॲलिन्स शाळेत शिकत असताना जोन्स यांना रेडिओ संच जुळवण्याचा नाद लागला. शिष्यवृत्तीच्या बळावर ते ऑक्सफर्डला गेले, १९३२ मध्ये भौतिकशास्त्रात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि १९३४ मध्ये प्रा. फ्रेडरिक लिंडेमन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी डॉक्टरेट मिळवली. हेच लिंडेमन पुढे चर्चिल यांचे विज्ञान सल्लागार झाले. जोन्स यांचा विषय अवरक्त किरणांचा. विमानाच्या इंजिनातून निघणाऱ्या उष्णतेवरून विमान ओळखता येईल का, यावर त्यांनी काही वर्षे काम केले.

अभ्यासू असले तरी ते गंभीर चेहऱ्याचे नव्हते. खोड्या काढण्यात त्यांचा हात धरणारा क्वचितच कोणी असेल. ऑक्सफर्डमध्ये असताना त्यांनी टेलिफोन खात्याचा माणूस असल्याचे भासवून एका विद्वान गृहस्थाला फोन केला आणि यंत्रातला बिघाड शोधण्याच्या नावाखाली त्याला रिसीव्हर पाण्याच्या बादलीत बुडवायला लावला. समोरच्याची जी अपेक्षा असते, तिच्याशी जुळणारे पुरावे त्याला एकेक करून दिले की शहाणा माणूसही फसतो, हे त्यांनी अशा गमतींमधून ओळखले होते. शत्रू आपल्यालाही असाच फसवू शकतो, ही जाणीव त्यांना युद्धात फार उपयोगी पडली.

एकट्याचे खाते

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि जोन्स यांची नेमणूक हवाई मंत्रालयाच्या गुप्तवार्ता विभागात झाली. वय २८ ला पोहोचत होते. शत्रूचे विज्ञान कुठवर आले आहे, हे शोधणे हे त्यांचे काम. त्या विभागात असे काम करणारे ते पहिलेच शास्त्रज्ञ होते आणि सुरुवातीला जवळजवळ एकटेच.

नोव्हेंबर १९३९ मध्ये नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथील ब्रिटिश वकिलातीत एक निनावी पाकीट येऊन पडले. त्यात जर्मनीच्या नव्या शस्त्रांची आणि विमाने ओळखणाऱ्या यंत्रणेची माहिती होती. इतकी माहिती एका माणसाकडे असणे शक्य नाही, तेव्हा हा जर्मनांचा डाव आहे, असे म्हणून बहुतेक अधिकाऱ्यांनी तो अहवाल बाजूला टाकला. जोन्स यांनी त्यातले तांत्रिक तपशील पडताळून पाहिले. जे पडताळता येत होते ते बरोबर निघाले. म्हणून उरलेले सारे खरेच असणार, असे त्यांनी धरले नाही. मात्र ते खोटे आहे, असेही धरले नाही. अहवाल त्यांनी हाताशी ठेवला आणि पुढे जी नवी माहिती येई, ती त्याच्याशी ताडून पाहिली.

जून १९४० मध्ये जर्मन विमाने रात्रीच्या अंधारात रेडिओ किरणांच्या आधाराने लक्ष्य गाठतात, असा संशय त्यांना आला. तुटक संदेश, पकडलेल्या वैमानिकांच्या आपसांतल्या गप्पा आणि पाडलेल्या विमानातला नको इतका संवेदनशील रेडिओ संच, एवढाच पुरावा होता. २१ जूनला चर्चिल यांच्या बैठकीचे बोलावणे आले, तेव्हा आपलीच कोणीतरी थट्टा करते आहे असे त्यांना वाटले आणि ते उशिरा पोहोचले. तिथे त्यांनी सारा पुरावा क्रमाने मांडला. त्याच रात्री शोधासाठी पाठवलेल्या विमानाला हे किरण सापडले. रोल्स-रॉइस कंपनीचा इंजिनांचा कारखाना असलेल्या डर्बी शहराजवळ ते एकमेकांना छेदत होते. या किरणांत गोंधळ निर्माण करण्याचे काम मग तातडीने सुरू झाले.

याच लढाईत एक कटू धडाही मिळाला. जर्मनांनी त्यानंतर अधिक अचूक किरण वापरायला सुरुवात केली. त्यांच्यात अडथळा आणणारी यंत्रे ब्रिटिशांनी बनवली. पण किरणावर चढवलेल्या ध्वनीचे माप चुकले. तो सेकंदाला २,००० कंपनांचा होता, यंत्रे १,५०० वर बसवली गेली. जर्मन विमानातल्या गाळणीने हा परका आवाज सहज वगळला. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्री शहरावर बॉम्बचा पाऊस पडला आणि ५०० हून अधिक माणसे मेली. त्याच्या आठवडाभर आधी जर्मनांचे एक विमान इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले होते. त्यातला रेडिओ संच तपासल्यावर गाळणीचे खरे माप समजले, पण ते कॉव्हेंट्रीनंतर. चुकीच्या तपासणीवर आधारलेला उपचार रुग्णाला वाचवू शकत नाही. मोजमापाविषयी जोन्स आधीच काटेकोर होते, ते यानंतर अधिकच झाले.

दशांश मिलिमीटर

त्या काळात ब्रिटनमध्ये एक मोठा वर्ग असा होता की, जर्मनांकडे रडार आहे हेच त्याला मान्य नव्हते. रडार ही आपलीच करामत, असा समज होता. जोन्स यांना मात्र जुलै १९४० मध्ये फोडलेल्या एका जर्मन संदेशात फ्रेया हा शब्द आढळला. फ्रेया ही उत्तर युरोपच्या पुराणकथांतली देवी. त्यांनी लंडनच्या चेरिंग क्रॉस रस्त्यावरून या कथांचे पुस्तक विकत आणले. त्यात फ्रेयाच्या मौल्यवान हाराशी हाइमडाल या देवांच्या पहारेकऱ्याचा संबंध होता, आणि हा पहारेकरी दिवसा व रात्री शंभर मैलांवरचे पाहू शके. दूरवरचे पाहणाऱ्या यंत्राला असे नाव कोणी हौशीने दिले असावे, असा त्यांनी तर्क केला. तर्क होता, पुरावा नव्हता.

महिनाअखेरीस ब्रिटिशांची डिलाइट ही विनाशिका बुडाली. ती फ्रेयाच्या मदतीने बुडवली आणि ते यंत्र फ्रान्समधील ओडरव्हिल गावाजवळ आहे, अशी माहिती जोन्स यांच्या हाती आली. आता कुठे पाहायचे ते कळले. प्रश्न उरला तो दिसेल का, हा.

टेहळणीची विमाने फार उंचावरून उडत. साधा हिशेब असा : ५० सेंटिमीटर नाभीय अंतराच्या कॅमेऱ्याने ९ किलोमीटर उंचीवरून फोटो घेतला, तर जमिनीवरची वस्तू फोटोत १८,००० पट लहान होते. सहा मीटर रुंदीचा अँटेना त्यात मिलिमीटरच्या एक तृतीयांश एवढाच उमटतो. वरून पाहिले तर उभ्या अँटेनाची दिसते ती फक्त वरची कड, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. त्याची सावली मात्र जमिनीवर पसरलेली असते. सूर्याची उंची दिवस, वेळ आणि जागा यांवरून काढता येते. ती ठाऊक असली की सावलीच्या लांबीवरून वस्तूची उंची काढता येते. म्हणून छायाचित्र वाचणारे वस्तूइतकाच, किंबहुना जास्तच, तिच्या सावलीचा अभ्यास करत.

दुसरे साधन स्टिरिओस्कोपचे. विमान पुढे जात असताना एकामागून एक असे फोटो घेतले जातात की, शेजारच्या दोन फोटोंत जमिनीचा बराचसा भाग सामाईक येतो. दोन भिंगांच्या या साधनातून एक फोटो डाव्या डोळ्याला आणि दुसरा उजव्याला दाखवला की, मेंदू दोन्ही जुळवून खोली निर्माण करतो. आपले दोन डोळे काही सेंटिमीटरच्या अंतरावरून जग पाहतात आणि त्या फरकातून मेंदूला जवळचे-लांबचे कळते. येथे जणू शेकडो मीटर अंतरावर डोळे असलेला राक्षस खाली पाहत असतो. घरे, झाडे, मनोरे फोटोतून वर उठून दिसतात.

१९४१ च्या सुरुवातीला छायाचित्र-वाचक क्लॉड वेव्हेल यांनी ओडरव्हिलच्या फोटोत दोन लहान गोलाकार जागा दाखवल्या. गोठ्याची कुंपणे, तोफांचे खड्डे, काहीही असू शकले असते. जोन्स यांचे सहकारी डॉ. चार्ल्स फ्रँक यांनी लागोपाठचे दोन फोटो शेजारी ठेवून भिंगाखाली मोजले. काही सेकंदांच्या अंतराने घेतलेल्या त्या फोटोंत एका जागेची सावली सुमारे दशांश मिलिमीटरने बदलली होती. सूर्य काही सेकंदांत हलत नाही. म्हणजे वस्तूच फिरली होती. आणि गोल खड्ड्यात उभे राहून फिरणारे रुंद काहीतरी म्हणजे चारी दिशांना शोध घेणारा अँटेना.

एवढ्या बारीक फरकावर सेनापतींना पटवणे कठीण होते, आणि जोन्स यांनाही तेवढ्यावर थांबायचे नव्हते. त्यांनी जवळून, तिरप्या बाजूने फोटो मागितला. त्यासाठी वैमानिकाला शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात अगदी खालून उडावे लागे. पहिला प्रयत्न फसला. २२ फेब्रुवारी १९४१ ला फोटो मिळाला आणि त्यात चौकटीचा अँटेना स्पष्ट दिसला. त्याच सुमारास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सुमारे अडीच मीटर तरंगलांबीचे संकेत पकडले गेले. दोन दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, जर्मनांकडे रडार आहे की नाही यावर चर्चा करण्यासाठीच बैठक ठरली होती. चर्चा करण्याजोगे फारसे उरले नव्हते.

वाटेच्या टोकाचा ठिपका

फ्रेयाला विमान दुरून दिसे, पण त्याची उंची सांगता येत नसे. तोफा आणि लढाऊ विमाने नेमकी नेण्यासाठी जर्मनांकडे दुसरे, लहान यंत्र असले पाहिजे. त्याचे वुर्झबुर्ग हे नाव संदेशांतून कळले होते आणि ५३ सेंटिमीटर तरंगलांबीचे संकेतही सापडले होते. अँटेनाचे आकारमान तरंगलांबीवर अवलंबून असते. तरंग जितका आखूड, तितक्या लहान अँटेनातून अरुंद किरण सोडता येतो. म्हणजे हे यंत्र लहान असणार आणि उंचावरच्या फोटोत शोधणे आणखी अवघड.

१९४१ च्या अखेरीस नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ब्रुनेव्हाल गावाजवळच्या फ्रेयाचे फोटो आले. फ्रेया ओळखता आले होते, काम झाले होते. एक दोष सापडला की डोळा पुढे पाहायचे थांबतो, ही चूक एक्स-रे वाचताना अनुभवी डॉक्टरांकडूनही होते. बरगडी मोडलेली दिसते आणि मागची गाठ राहून जाते. फ्रँक पाहत राहिले. फ्रेयापासून कड्याच्या कडेने एक पायवाट एका बंगल्याकडे गेली होती, पण बंगल्याच्या अलीकडे तिने वळसा घेतला होता. वळशापाशी एक काळा ठिपका होता. वाट म्हणजे माणसांची रोजची ये-जा. उघड्या माळावरच्या ठिपक्यापाशी सैनिक रोज कशाला जातील?

वैमानिक टोनी हिल यांनी स्वतःहून ते काम घेतले. पहिल्या दिवशी कॅमेरा चालला नाही. पण त्यांनी डोळ्यांनी पाहून सांगितले की, ती वस्तू खोलीत ठेवण्याच्या विजेच्या शेगडीच्या वाडग्यासारखी दिसते. दुसऱ्या दिवशी, ५ डिसेंबर १९४१ ला, ते परत गेले. एकदा सावध झालेल्या शत्रूवर लागोपाठ दुसऱ्या दिवशी जाणे म्हणजे जिवावर बेतण्यासारखे. फोटो मिळाले. कड्यावर सुमारे तीन मीटर व्यासाची खोलगट तबकडी उभी होती. हेच वुर्झबुर्ग.

आता तुकडा काढून तपासण्याची वेळ आली होती. फ्रेंच भूमिगत चळवळीचे रॉजे द्युमाँ यांनी जिवावर उदार होऊन पहाऱ्याची माहिती काढली. २७ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री मेजर जॉन फ्रॉस्ट यांच्या हाताखालचे सुमारे १२० छत्रीधारी सैनिक ब्रुनेव्हालला उतरले. त्यांच्याबरोबर सार्जंट कॉक्स हा रडार तंत्रज्ञ होता, युद्धापूर्वी चित्रपटगृहात यंत्र चालवणारा. तो हवाई दलाचा. इतरांपेक्षा वेगळ्या गणवेशात पकडला गेला तर जर्मनांना त्याचे महत्त्व लगेच कळेल, म्हणून त्याला भूदलाचा गणवेश मिळावा यासाठी जोन्स यांनी खटपट केली. नियम आडवा आला. आपल्या मागणीपायी ही माणसे मृत्यूच्या तोंडी जात आहेत, याचा विसर त्यांना पडला नव्हता.

गोळीबार चालू असताना कॉक्स आणि इतरांनी यंत्राचे भाग खोलले, तबकडीच्या मध्यातला अँटेना करवतीने कापला आणि सारे समुद्रमार्गे इंग्लंडला आणले. दोन सैनिक मारले गेले, सहा शत्रूच्या हाती सापडले. यंत्र चालवणारा एक जर्मन सैनिकही कैद झाला. जोन्स आणि फ्रँक त्याच्यासह जमिनीवर बसून ते सुटे भाग कोडे सोडवावे तसे जुळवत राहिले. बांधणी उत्तम होती, पण मुद्दाम केलेल्या गोंधळापासून बचावाची सोय यंत्रात नव्हती. भागांवरच्या क्रमांकांवरून जर्मनी अशी किती यंत्रे बनवत आहे, याचाही अंदाज आला.

या छाप्याचा एक परिणाम कोणी योजला नव्हता. जर्मनांनी धसका घेऊन आपल्या रडारभोवती काटेरी तारांची कुंपणे घातली. कुंपणाच्या आत पाय पडेनासे झाले, गवत वाढले आणि वरून घेतलेल्या फोटोंत संशयाच्या जागा आपोआप आखल्या गेल्या. लपवण्याच्या उपायानेच दुखणे उघडे पडले.

द्युमाँ पुढे पकडले गेले आणि १९४३ मध्ये जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या. टोनी हिल यांचे विमान ऑक्टोबर १९४२ मध्ये फ्रान्समध्ये टेहळणी करताना पाडले गेले आणि त्यांचा मृत्यू झाला. जोन्स यांच्या टेबलावरच्या प्रत्येक फोटोमागे अशी माणसे होती.

निदानाची किंमत

हळूहळू फोटो, संकेत आणि संदेश जुळवून जर्मन रडारचा नकाशा तयार झाला. उंच खांबासारख्या एका प्रकाराला ब्रिटिशांनी धुराड्याचे, तर आडव्या रुंद प्रकाराला जाहिरातीच्या फलकाचे नाव दिले; फोटोत ते दिसत तसेच. वुर्झबुर्गची तरंगलांबी नक्की झाल्यावर त्याला आंधळे करण्याचा सोपा उपायही हाती होता. तरंगलांबीच्या निम्म्या, म्हणजे सुमारे २७ सेंटिमीटर लांबीच्या धातूच्या पट्ट्या आकाशात सोडल्या की रडारला त्या विमानांसारख्या भासतात. हा विचार जोन्स यांनी युद्धापूर्वीच मांडला होता. शत्रू तोच उपाय आपल्यावर उलटवील, या भीतीने तो अडून राहिला. जोन्स यांनी तो वापरावा म्हणून पाठपुरावा केला.

२४ जुलै १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गवर गेलेल्या ७९१ विमानांनी या पट्ट्या सोडल्या. बारा विमाने परतली नाहीत. एरवी याहून कितीतरी जास्त गेली असती. शेकडो वैमानिकांचे प्राण वाचले. पण त्याच आठवड्यात हॅम्बुर्गमध्ये आगीचे वादळ उठले आणि पस्तीस ते चाळीस हजार नागरिक जळून वा गुदमरून मेले. रडार आंधळे झाले होते म्हणून ती विमाने इतक्या सहज तिथे पोहोचली. वाचलेले आणि मेलेले, दोन्ही त्या एकाच मोजमापाच्या खात्यावर आहेत. जोन्स यांचे चरित्र सांगताना यातले एकच पान वाचणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

जून १९४३ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरील पेनेम्युंडे येथील संशोधन केंद्राचे फोटो त्यांच्याकडे आले. इतरांच्या नजरेतून निसटलेली एक पांढुरकी लांबट आकृती जोन्स यांना दिसली : रेल्वेच्या वाघिणीवर आडवे ठेवलेले रॉकेट. त्यांचे गुरू लिंडेमन यांना हा बनाव वाटत होता. महिनाअखेरीस चर्चिल यांच्यासमोरच्या बैठकीत जोन्स यांना गुरूच्या विरुद्ध मत मांडावे लागले. त्यांनी ते पुराव्यानिशी मांडले आणि ते बरोबर होते. ऑगस्टमध्ये पेनेम्युंडेवर हल्ला झाला. रॉकेटचे काम लांबले, पण चाळीस विमाने गेली आणि तिथे वेठबिगारीला आणलेले शेकडो परदेशी मजूरही मेले. या केंद्राची माहिती बाहेर पोहोचवणारे काही जण त्याच मजुरांत होते.

१९४४ च्या जूनमध्ये लंडनवर उडते बॉम्ब पडू लागले. ते शहराच्या मध्यापर्यंत न पोहोचता दक्षिणेला पडत होते. फितवलेल्या हेरांमार्फत जर्मनांना अशी माहिती द्यावी की त्यांनी नेम सुधारू नये, असा मार्ग जोन्स यांनी सुचवला. मध्य लंडन वाचणार होते, त्याची किंमत दक्षिण लंडन मोजणार होते. डलिचच्या त्या भागात त्यांचे आईवडील राहत होते आणि त्यांची शाळाही तिथेच होती. हे त्यांना ठाऊक होते. एकूण मृत्यू कमी होतील, हा हिशेब त्यांनी घरच्यांना वगळून केला नाही.

राखलेले गुपित

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, जोन्स ॲबरडीन विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९८१ पर्यंत तिथे शिकवत राहिले. संशोधनाचा विषय त्यांनी निवडला तो सूक्ष्म मोजमापाचा. अणूच्या आकाराहूनही कमी हालचाल ओळखणारी उपकरणे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. १९६५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. मोस्ट सीक्रेट वॉर हे त्यांचे युद्धकाळाचे पुस्तक १९७८ मध्ये आले आणि जगभर वाचले गेले. १९९४ मध्ये ब्रिटनचा कम्पॅनियन ऑफ ऑनर हा मोठा सन्मान त्यांना मिळाला.

एक गोष्ट मात्र त्यांनी त्या पुस्तकातही सांगितली नाही. ऑस्लोचे निनावी पाकीट कोणी लिहिले, हे त्यांना १९५० च्या दशकातच कळले होते. तो सीमेन्स कंपनीतला जर्मन शास्त्रज्ञ हान्स फर्डिनांड मायर. नाझी राजवटीत परदेशी रेडिओ ऐकल्याच्या आरोपावरून तो छळछावणीतही गेला होता. पाकिटाचा संशय मात्र कोणालाच आला नाही. दोघे भेटले, बोलले, आणि आपल्या व पत्नीच्या हयातीत नाव फुटू नये, ही मायर यांची इच्छा जोन्स यांनी पाळली. मायर १९८० मध्ये वारले. जोन्स यांनी त्यांचे नाव छापले ते १९८९ मध्ये. विश्वासाने सांगितलेले पोटात ठेवणे हे डॉक्टरांच्या शपथेत असते; जोन्स यांनी अशी शपथ कधी घेतली नव्हती.

१७ डिसेंबर १९९७ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, स्कॉटलंडमध्ये त्यांचे निधन झाले. आज उपग्रह कितीतरी अधिक स्पष्ट फोटो पाठवतात, एक्स-रे वाचायला संगणक मदत करतो. तरीही डाग दिसल्यावर करायच्या गोष्टी त्याच राहिल्या आहेत. तो लगेच खरा मानायचा नाही आणि झटकूनही टाकायचा नाही. जुन्या फोटोशी ताडायचा, दुसऱ्या बाजूने पाहायचा, एक सापडले म्हणून पुढचे पाहणे थांबवायचे नाही. ओडरव्हिलच्या फोटोत फरक दशांश मिलिमीटरचा होता. चार्ल्स फ्रँक यांनी तो मोजला आणि जोन्स यांनी त्यावर आणखी एक फोटो मागवला.